जावांकडे नाही, जावाला

सगळा घोळ एका टिंबाचा. जावाला आणि जावांला. समोरासमोर बसून बोललं तर कुणीही ओळखेल. पण रियाधहून दाभोळला फोन, तोही बाजारपेठेतल्या बाळारामच्या दुकानात, लाईनीत समुद्र घोंघावतोय आणि पलीकडे थोरले दीर हुसेनमियाँ, एका कानाने पार बहिरे. मी घसा फोडून सांगितलं, "भाई, कंपनी आम्हाला जावाला पाठवतेय." ते म्हणाले, "येवा गो बाय, जावा वाटच बघतायत." आणि फोन ठेवला.

मी म्हणत होते ते जावा म्हणजे इंडोनेशियातलं बेट, जकार्ता शहर ज्याच्यावर आहे ते. त्यांनी ऐकलं माझ्या जावा, म्हणजे त्यांची बायको आणि दोघा धाकट्या दिरांच्या बायका. तुम्ही हसाल. मीही हसले. म्हटलं, पुढच्या फोनला सांगू. इथेच चुकलं माझं.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी होता. कुवेतची लढाई सुरू झाली आणि चार दिवसांत रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली. शाळा बंद, अर्धं शहर रिकामं. माझा नवरा मोहियुद्दीन ज्या काँट्रॅक्टिंग कंपनीच्या स्टोअर्समध्ये होता, तिची इथली कामं थांबली आणि नेमकं त्याच वेळी इंडोनेशियात वीजकेंद्राचं काम मिळालं. यांचं नाव यादीत आलं. प्रश्न एकच होता, जाणार कसे: फॅमिली स्टेटसवर की बॅचलर?

बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा नव्हे. लग्न झालेलं असतं, पोरं असतात, फक्त ती गावी असतात. गल्फमध्ये या शब्दाचं कुणाला हसू येत नाही. मी तीन वर्षं असल्या बॅचलरची बायको होते. आमची उमामा जन्मली तेव्हा हे दम्मामला. यांनी पहिल्यांदा तिला बघितलं तेव्हा ती चौदा महिन्यांची, हुसेनमियाँच्या पायाला मिठी मारून उभी. भाईंना अब्बा म्हणायची आणि यांना बघून म्हणाली, काका. हे हसले. मग परसात विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाठमोरे बघत होते. तेव्हाच ठरवलं होतं, हे पुन्हा होऊ देणार नाही. लढाई होवो नाहीतर आणखी काही होवो.

माझ्या जावा वाईट नाहीत हो. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, आमच्या घरात चार होत्या आणि चूल थोरलीची. तिथे जायचं म्हणजे पुन्हा पत्राची वाट बघायची आणि ते आलं की आधी सगळ्या घराने वाचायचं. नको मला ते.

कंपनीची अट मात्र अवघड होती. वीजकेंद्र दुसऱ्या बेटावर. नवरा तीन आठवडे साईटवर, एक आठवडा जकार्तात. म्हणजे बायकोने त्या अफाट शहरात पोरांना घेऊन एकटीने राहायचं. मागे कुठल्यातरी देशात एक बाई महिन्याभरात रडत परत आली होती, तेव्हापासून फॅमिली स्टेटस द्यायच्या आधी पर्सोनेलचे जलालसाहेब नवरा-बायको दोघांना समोर बसवून प्रश्न विचारत. आमची वेळ दोन आठवड्यांनी होती. आणि मी कोण? सात वर्षं रियाधमध्ये राहून कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, एकटी मीठ आणायला न गेलेली बाई.

ह्यांना म्हटलं, मी ते शहर पाठ करते. हे म्हणाले, पुस्तक कुठून आणणार? पुस्तक खालच्या मजल्यावर होतं.

घरमालकाचं कुटुंब हल्ल्याच्या पहिल्या भोंग्यानंतरच अभाच्या डोंगरात नातेवाइकांकडे निघून गेलं होतं. मोलकरीण वार्सिनी मात्र घर राखायला इथेच. दुसऱ्या भोंग्याला मी दार लावायला गेले तर ही जिन्यात बसलेली, डोक्यावर उशी धरून. मी तिला हात धरून वर आणलं. कंपनीने आम्हाला गॅसचे मुखवटे दिले होते तीन आणि आता माणसं झाली चार. यांनी आपला मुखवटा तिला दिला आणि स्वतः ओला टॉवेल तोंडाला लावून बसले. असा माणूस आहे हा. नंतर मी जे सांगणार आहे ते ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

वार्सिनी जावाचीच. रियाधला यायच्या आधी चार वर्षं जकार्तात घरकाम केलेलं. आम्ही बोलायचो ते मोडक्या अरबीत, ती मालकिणीकडून शिकलेली आणि मी शेजारणींकडून. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने भिंतीवरच्या आमच्या फोटोत यांच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, सुआमी. म्हटलं, बरोबर, स्वामी. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, इस्त्री. मी आत गेले आणि कपड्यांची इस्त्री आणून तिच्या हातात दिली. बाई इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांना पाणी. त्यांच्याकडे इस्त्री म्हणजे बायको. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, शब्द चुकीचा नाही, सात वर्षं चटके खातोय.

पण माझ्या जिवात जीव आला. स्वामी आहे, स्त्री आहे, भाषेला बहासा म्हणतात, साबणाला साबुन. खिडकीला म्हणे जंदेला, आणि माझी आजी तर मरेपर्यंत जनेलच म्हणायची. जी माणसं खिडकीला जवळजवळ माझ्या आजीसारखं म्हणतात त्यांच्यात मी हरवणार नाही, असं मला वाटलं.

मग रोज दुपारी शिकवणी. आमच्या आतल्या खोलीच्या खिडकीला विषारी वायूच्या भीतीने जाड प्लास्टिक लावून चारी बाजूंनी पॅकिंगची पट्टी चिकटवली होती. त्याच प्लास्टिकवर वार्सिनीने उमामाच्या मार्करने जकार्ता काढलं. आधी वरच्या कडेला आडवी रेघ: समुद्र. मला हेच आधी पचेना. आमचा समुद्र पश्चिमेला. जन्मभर सूर्य पाण्यात बुडताना बघितलेली मी, आता समुद्र उत्तरेला धरायचा? वार्सिनी म्हणाली, तो उत्तरेला धरलास की बाकीचं शहर आपोआप कळतं. समुद्राजवळ बंदर आणि डच लोकांनी बांधलेलं जुनं शहर, त्याचं नाव कोता. आमच्याकडे कोट म्हणतील. मधोमध भलं मोठं मैदान, त्यात उंच खांब, खांबावर सोन्याची ज्योत, आणि मैदानाजवळच मोठी मशीद. तिथून दक्षिणेला रुंद रस्ता निघतो, मोठमोठ्या कचेऱ्यांमधून सरळ खाली येतो. त्याच्या टोकाच्या बाजूला ब्लॉक एम नावाचा बसअड्डा. चुकलीस तर कुणालाही ब्लॉक एम विचार, तिथून सगळीकडे जाता येतं. कंपनीच्या भाड्याने आम्हाला घर घ्यायचं होतं तेही त्याच बाजूला.

किबला कुठे, मी विचारलं. तिने थोडा विचार केला आणि हात पश्चिमेकडे केला. दाभोळला पश्चिम, रियाधला पश्चिम, तिथेही पश्चिमेलाच. ऐकून बरं वाटलं. तेवढं तरी बदलायचं नव्हतं.

वार्सिनीचं शहर साहेबांचं नव्हतं, पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईचं होतं. घर बघायला जाशील तेव्हा आधी भिंत बघ, ती म्हणायची. जानेवारी-फेब्रुवारीत नदी घरात येते आणि जाताना भिंतीवर रेघ ठेवून जाते. घरमालक चुना फासतो, पण रेघ चुन्यातूनही दिसते. रेघ असलेलं घर घेऊ नकोस. नळाचं पाणी उकळल्याशिवाय तोंडात घालू नकोस. प्रत्येक चार-पाच गल्ल्यांना एक मुखी असतो, त्याला पाक एर्ते म्हणायचं. गेल्याच्या दिवशीच त्याच्याकडे नाव नोंदव आणि त्याच्या बायकोशी ओळख कर, कारण खरा मुखी तीच. जवळ जायचं तर तीनचाकी. तिला काय म्हणतात, तर बाजाय. मी म्हटलं, बजाज? आपली पुण्याची? उमामा म्हणाली, "मम्मी, दॅट्स आवर रिक्षा." तीच. बसायच्या आधी भाडं ठरवायचं, हेही अगदी आपल्यासारखंच.

आणि छोट्या बसला घंटा नाही. उतरायचं असेल तर ओरडायचं, किरी. म्हणजे डावीकडे घे. मी पुटपुटले, किरी. वार्सिनी म्हणाली, या आवाजात तू शेवटच्या थांब्यावर जाशील. पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं. आवाजच फुटेना. सात वर्षांत मी घराबाहेर आवाज चढवला नव्हता, कुणाला हाक मारली नव्हती, साधं अहो थांबा म्हटलं नव्हतं. दहाव्या वेळेला असा ओरडले की उमामाने कानावर हात ठेवले. मग मला रडू आलं. वार्सिनीने विचारलं नाही का ते. तिचीही मुलगी गावी होती, सहा वर्षांची, आजीला आई म्हणणारी. हे तिने मला एकदाच सांगितलं, भाजी निवडताना, आणि पुढे लगेच टोमॅटोचं तिथलं नाव सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मगरिबच्या सुमाराला भोंगा झाला. हे गोदामातून निघाले होते आणि पोचले नव्हते. आम्ही तिघी त्या नकाशासमोर मुखवटे घालून बसलो. आवाज असा झाला की प्लास्टिक आत आलं आणि बाहेर गेलं. हे तासाभराने आले. रस्त्यात एक इमारत पडलेली बघून आले होते. अंगावर धूळ होती. उमामाला जवळ घेऊन बसले ते जेवायलाही उठेनात.

तीन दिवसांनी भाईंचा फोन लागला. मी आत पोळ्या करत होते, ह्यांचं नुसतं "हो भाई, हो" ऐकू येत होतं. नंतर म्हणाले, माळ्यावरची खोली रंगवून घेतलीय, थोरल्या वहिनीने उमामासाठी नवी गादी भरून घेतलीय, शाळेत मास्तरांशी बोलून ठेवलंय. मी लाटणं घेऊनच बाहेर आले. विचारलं, सांगितलंत ना, जावा म्हणजे कुठलं ते? म्हणाले, सांगतो सावकाश. आमच्या ह्यांचं सावकाश मला माहीत आहे. लग्नात घड्याळ बंद पडलं होतं ते अजून सावकाश दुरुस्तीला जायचंय. मी चिडले, पण मनात म्हटलं, असू दे, भावाचं मन मोडवत नाहीये बिचाऱ्याला. मला काय माहीत आत काय शिजतंय.

गुरुवारी दुपारी आम्ही ओलाया भागातल्या कंपनीच्या कचेरीत गेलो. जलालसाहेब हैदराबादचे, पांढरी दाढी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. माझ्याकडे न बघता, कागदावर डोळे ठेवून बोलायची अदब. समोर आमचा फॉर्म. हे माझ्या शेजारी, हातात गाडीची किल्ली, ती सारखी फिरवतायत.

जलालसाहेबांनी हिंदीत पहिला प्रश्न विचारला. नवरा साईटवर आहे, मुलीला दुपारी ताप चढला, घरातला फोन बंद आहे. काय करणार? मी सांगितलं, आधी पाक एर्तेच्या बायकोकडे जाईन, पहिल्याच दिवशी ओळख केलेली असेल. जवळचा दवाखाना तिने दाखवलेला असेल. तिथे जायला बाजाय करीन, बसायच्या आधी भाडं ठरवीन, आणि निघताना कंपनीच्या कचेरीत फोन करायला तिलाच सांगीन. तापाला तिथे पानास म्हणतात. जलालसाहेबांचं पेन थांबलं. घर कसं निवडणार, त्यांनी विचारलं. मी भिंतीवरच्या रेघेचं सांगितलं. चुन्याचंही सांगितलं. रस्ता चुकलात तर? मग मी समुद्रापासून सुरुवात केली आणि ब्लॉक एमला येऊन थांबले. वाटेत सोन्याची ज्योत लागली, मशीद लागली, बाजार लागले. मला वाटतं मी जरा जास्तच बोलले. पण दोन आठवडे साठवलेलं होतं, धरण फुटावं तसं आलं.

जलालसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग फॉर्म फिरवून माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "बहनजी, फिर ये क्यों लिखा है?"

खालच्या चौकटीत इंग्रजीत एक ओळ होती. वाइफ कॅनॉट मॅनेज अलोन. बॅचलर स्टेटस प्लीज. खाली सही. अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. तीन वर्षं त्याच अक्षराची पत्रं वाचत काढलीत.

खूप लागलं मला. क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हा इतकं लागलं नव्हतं. इथे मी प्लास्टिकवरचं शहर घोकतेय, किरी किरी ओरडून घसा बसवून घेतेय, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो माणूस आधीच मला नापास करून बसलाय.

"हे तुम्ही लिहिलंत?" मी मराठीत विचारलं.

हे किल्लीकडे बघत बोलले, थांबत थांबत. म्हणाले, त्या दिवशी ती इमारत बघितली. ढिगाऱ्यावर एक बाई उभी होती, एकटी, आणि तिला कुणाला हाक मारायची ते कळत नव्हतं. तेव्हा म्हटलं, आता परका देश नको. मी तीन-तीन आठवडे नसणार. गावी निदान हाक मारली तर ओ देणारी चार माणसं आहेत. घरी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, म्हणून इथे लिहिलं.

राग होता तो तसाच राहिला, पण त्यात दुसरंही काहीतरी मिसळलं. मी शक्य तितक्या हळू बोलले, कारण जलालसाहेब समोर होते आणि नवऱ्याला चारचौघांत पाडून बोलायची माझी रीत नाही.

"एकटीने राहायचं मला जमतं. गावी तीन वर्षं जमवलं की. चार माणसांत राहूनच जमवलं. पण आता मला ते परत जमवायचं नाही. तिथे तुम्ही महिन्यातून एक आठवडा तरी घरी याल. उमामा दार उघडेल आणि तुम्हाला ओळखेल. मला तेवढंच पाहिजे."

जलालसाहेबांना मराठी कळत नव्हती, पण वय झालेल्या माणसाला काय कळायचं राहतं? त्यांनी सहज विचारल्यासारखं यांना विचारलं, "मोहियुद्दीन, तुम जकार्ता उतरे. लेने कोई नहीं आया. शहर कैसे पहुँचोगे?"

ह्यांनी छताकडे बघितलं. मग किल्लीकडे. मग माझ्याकडे. उत्तर माझ्या ओठांवर होतं, विमानतळाचं नाव, बस कुठे उभी असते, कुठे उतरायचं, सगळं. मी तोंड घट्ट मिटून बसले. कसं बसले ते माझं मला ठाऊक.

शेवटी यांनी हात पुढे करून फॉर्म ओढून घेतला आणि जलालसाहेबांचं पेन मागितलं. आपणच लिहिलेल्या ओळीतला पहिला शब्द खोडला. नीट, पट्टीने मारावी तशी रेघ मारून. वर लिहिलं, हजबंड. पुढचं कॅनॉट मॅनेज अलोन तसंच ठेवलं. बॅचलर खोडून फॅमिली केलं. बाजूला सही केली, आणि स्टोअर्समधल्या सवयीने तारीखही घातली.

जलालसाहेबांनी चष्मा लावून ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "हाँ. अब ठीक है." मग शिक्का मारला.

परत येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. राग काही शिक्क्याबरोबर संपत नाही. ओलायाचा रस्ता ओस पडलेला. सिग्नल लाल होता, समोरून कुणी येत नव्हतं, तरी हे थांबले. तेव्हा हळूच विचारलं त्यांनी, "जुबेदा, विमानतळावरून बस कुठली घ्यायची गो?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "मी बरोबर असणार आहे."